पेठेतले वाद्य आणि टपालातले वाद्य

तंबोरा विकत घ्यावयाचा म्हणजे गाण्याची आवड असलेल्या मराठी घरात तो एक लहानसा समारंभच असे. घरचा कर्ता पुरुष एकटा पेठेत जात नसे. गाणे जाणणारा कोणी तरी वडीलधारा, बहुधा शिकवणारे गुरुजीच, बरोबर घेतले जात. दुकानात बैठक पसरलेली असावयाची आणि भिंतीशी आठदहा तंबोरे उभे असावयाचे. गुरुजी त्यांतला एक उचलून भोपळ्यावर बोटाच्या पेराने टिचकी मारीत, दांडी डोळ्यांसमोर धरून तिला कोठे बाक आहे काय ते पाहत, आणि मग खर्जाची तार छेडून कान खाली नेत. पसंत पडले नाही म्हणजे मान हलवून दुसरा उचलीत. अशा रीतीने दोनतीन तासांनी एखादा तंबोरा मनास आला, की दुकानदार घोडीवरील तारेखाली दोरा सरकवून जवारी लावून देई; किमतीची भाषा सर्वांत शेवटी निघे. धोतरजोडी किंवा पितळेची परात घेताना इतका खटाटोप कोणी करीत नाही. पण वाद्याला आवाज असतो, आणि आवाजाचे वर्णन शब्दांनी कितीही केले तरी तो ऐकावाच लागतो.

असे असता जगात आज लक्षावधी वाद्ये न पाहता व न ऐकता, केवळ चित्र व किंमत वाचून, घरबसल्या मागविली जातात. आंतरजालावरील दुकान उघडावे, चित्रावर बोट ठेवावे, आणि चार दिवसांत खोका दारात यावा, हा प्रकार आता सुशिक्षित शहरी घरांस नवा राहिलेला नाही. यामुळे गावोगावची वाद्यांची दुकाने बुडाली अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते. ही तक्रार खोटी नाही. तथापि हा वाद आंतरजालाने निर्माण केला ही समजूत मात्र बरोबर नव्हे. पेठेतले वाद्य घ्यावे की टपालातले, हा वाद सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतील खेड्यापाड्यांत इतका पेटला होता, की त्यात प्रत्यक्ष होळ्या पेटल्या.

इसवी सन १८७२ मध्ये माँटगोमेरी वॉर्ड नावाच्या गृहस्थाने शिकागोहून एका कागदावर छापलेली मालाची यादी शेतकऱ्यांना पाठविली, तेथून ह्या धंद्याचा आरंभ धरतात. तीनच वर्षांनी, १८७५ साली, त्याने एक वचन छापले : माल पसंत न पडल्यास पैसे परत. १८९३ साली सीअर्स, रोबक आणि कंपनी ह्या नावाची दुसरी पेढी पुढे आली व तिने वॉर्डलाही मागे टाकले. तिचे जाडजूड सूचिपत्र कित्येक शेतकऱ्यांच्या घरी बायबलाच्या शेजारी ठेविलेले असे. त्यात नांगर होते, शिवणयंत्रे होती, थडग्यांवरील दगड होते. आणि त्याचबरोबर फिड्ल, बँजो, गिटार, पायाने भाता चालविण्याचे ऑर्गन व पियानोही होते. १८९६ पासून सरकारी टपाल खेड्यातील घरोघर पोचू लागले, आणि १ जानेवारी १९१३ पासून मोठी पुडकीही टपालखाते वाहू लागले. १९०८ च्या सुमारास सीअर्सच्या सूचिपत्रात एक गिटार १ डॉलर ८९ सेंटांस मिळत असे. सुरांचा मेळ ज्यावर वाजविता येतो असे इतके स्वस्त वाद्य त्यापूर्वी सामान्य माणसाच्या हाती आलेले नव्हते.

हे सूचिपत्र येण्यापूर्वी खेड्यातील मनुष्याने वाद्य कोठून घ्यावे? गावात सर्व जिनसांचे मिळून एक दुकान असे, आणि त्यात एखादे फिड्ल टांगलेले असले तर असले. ऑर्गन किंवा पियानो विकणारे हस्तक गाडी घेऊन फिरत. त्यांच्या मालावर किमतीची चिठी नसे. गिऱ्हाइकाचे घर, गोठा व पेहराव पाहून किंमत ठरे. स्थानिक दुकानाची आठवण आज पुष्कळजण गहिवरून काढतात, तेव्हा ही गोष्ट विसरली जाते. सूचिपत्राने सर्वांना एकच किंमत छापून दाखविली, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

गावोगावचे दुकानदार अर्थातच खवळले. अनेक गावांत त्यांनी सूचिपत्रे गोळा करून त्यांच्या चौकात होळ्या केल्या; सूचिपत्र आणून देणाऱ्या मुलांना काही ठिकाणी चित्रपटाचे फुकट तिकीटही मिळे. दूरच्या पेढीस धाडलेला डॉलर गावात परत येत नाही, पीक बुडाले तर सीअर्स उधार देणार नाही, आमच्याच दुकानाच्या करांवर गावची शाळा व रस्ता चालतो, असे त्यांचे म्हणणे असे. ह्यात तथ्य पुष्कळ होते. आज हेच शब्द न्यू यॉर्कच्या किंवा पुण्याच्या दुकानदाराच्या तोंडी आढळतात, तेव्हा तो काही नवे बोलत नसतो.

परंतु ह्या भांडणाची एक बाजू अशी आहे, की ती पाहिल्याशिवाय निवाडा देणे अन्यायाचे होईल. अमेरिकेच्या दक्षिणेकडील प्रांतांत गुलामगिरी कायद्याने संपली होती, पण कापसाच्या शेतावर वाट्याने राबणारे काळे कुटुंब मळ्याच्या दुकानाला बांधलेलेच होते. वर्षभर तेथून उधारीवर पीठ, मीठ, कापड घ्यावे. पीक आले की हिशेब व्हावा. आणि हिशेब लिहिणारा मळेवाल्याचाच माणूस असल्यामुळे बहुधा देणेच निघावे. दुकानात आधी सर्व गोऱ्या गिऱ्हाइकांना माल मिळे, मग काळ्यांची पाळी. कोणती वस्तू मागितली ह्यावरून ह्या माणसाजवळ रोख पैसा आहे काय, तो डोईजड होत आहे काय, ह्याचा अंदाज घेतला जाई. अशा दुकानात उभे राहून गिटार हातात घेऊन पाहण्याची कल्पनाच करावी.

सूचिपत्राला गिऱ्हाइकाचा रंग दिसत नव्हता. मागणीचे पत्र व पैसे टपालाच्या गाडीवाल्याच्या हाती दिले की काम होई. ही गोष्ट गोऱ्या दुकानदारांच्या चांगलीच ध्यानात आली होती. सीअर्स व वॉर्ड हे स्वतःच काळे आहेत अशी कंडी त्यांच्यापैकी काहींनी पिकविली होती, ती काय उगीच? त्या कंपनीचा एक भागीदार जूलियस रोझेनवाल्ड ह्याने पुढे आपल्या संपत्तीतून दक्षिणेत काळ्या मुलांसाठी सुमारे पाच हजार शाळा उभारण्यास साहाय्य केले, हा ह्या इतिहासाचा एक अनपेक्षित फाटा. पण शाळांच्याही आधी टपालाच्या पुडक्यातून गिटार तेथे पोचली होती.

मिसिसिपी प्रांतातील क्लार्क्सडेल गावाजवळच्या स्टोव्हल मळ्यावर आजीजवळ वाढलेला मकिन्ली मॉर्गनफील्ड नावाचा एक मुलगा होता. घरात उरलेला शेवटचा घोडा त्याने विकला. सुमारे पंधरा डॉलर आले. त्यांतले निम्मे त्याने आजीच्या हाती ठेविले आणि उरलेल्यांतून अडीच डॉलर देऊन स्टेला नावाची गिटार घेतली. अशा गिटारी आमच्याकडील लोक शिकागोच्या सीअर्स-रोबककडून मागवीत, असे तो पुढे सांगत असे. १९४१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयातर्फे अॅलन लोमॅक्स हा लोकगीतांचा संग्राहक त्याच मळ्यावर गेला व त्याने ह्या तरुणाचे गाणे मुद्रित केले. दोन वर्षांनी तो तरुण शिकागोस गेला, आणि मडी वॉटर्स ह्या नावाने त्याने जे गाणे रूढ केले त्याचा ठसा पुढील पन्नास वर्षांच्या पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतावर उमटला. स्थानिक दुकानाचे गुण गाणाऱ्यांनी ह्या घोड्याची आठवण ठेवावी.

त्या पुडक्यात काय नव्हते, तेही पाहिले पाहिजे. गिटार बाहेर काढल्यावर तिच्या तारा पडद्यांपासून बोटभर उंच असल्या तर त्या खाली कोणी आणावयाच्या? लाकूड हवेने फुगले, दांडी वाकली, तर कोणाकडे जावयाचे? दुकानात ही कामे किमतीतच धरलेली असत. सूचिपत्राने किंमत कमी केली ती पुष्कळ अंशी ही कामे वगळून. मळ्यावरच्या मुलांनी आपली बोटे सोलून घेऊन ती उणीव भरून काढली. ज्यांना दुकानाचे दार अर्धेच उघडे होते त्यांच्या दृष्टीने हा सौदा वाईट नव्हता.

हिंदुस्थानातही टपालाने हीच कामगिरी बजाविली, मात्र तिचा परिणाम एका निराळ्या वाद्यावर झाला. येथे १८७७ साली टपालखात्याने व्ही. पी. ची पद्धत सुरू केली. माल हाती देताना टपालवाल्याने किंमत घ्यावयाची व ती व्यापाऱ्याकडे पोचवावयाची, हा त्यातला मतलब. अनोळखी व्यापाऱ्याला आगाऊ पैसे पाठविण्याची भीती तिने घालविली, आणि मुंबई-कलकत्त्याचे व्यापारी वर्तमानपत्रांतील जाहिरातींच्या आधारे खेड्यापर्यंत माल विकू लागले. थोड्याच वर्षांत त्यांना टपालासाठीच घडविल्यासारखे एक वाद्य मिळाले.

हार्मोनियम हे मूळचे फ्रान्समधील; पॅरिसच्या अलेक्झांद्र दबॅँ ह्याने १८४२ साली त्याचा हक्क नोंदविला. ते मेजाएवढे असे व भाता पायाने चालवावा लागे. कलकत्त्यास द्वारकानाथ घोष ह्यांनी १८७५ साली आपली पेढी काढली, आणि १८८४ च्या सुमारास भाता मागे घेऊन, पाय काढून टाकून, जमिनीवर मांडी घालून एका हाताने वाजविता येईल अशी लहान हातपेटी तयार केली. महाराष्ट्रात तिला लोक नुसते 'पेटी'च म्हणू लागले. तिची गंमत अशी, की तिचा स्वर कारखान्यातच कायम झालेला असतो. धातूच्या पट्ट्या एकदा कानसून लावल्या की त्या हजार मैलांच्या आगगाडीच्या प्रवासातही सहसा उतरत नाहीत. पॅरिस सुरांची पेटी आहे की जर्मन सुरांची, किती सप्तकांची, भाता किती घड्यांचा, एवढे सूचिपत्रात लिहिले म्हणजे गिऱ्हाइकाला पुष्कळसे कळले. लाकडी खोक्यात भरून ती कोठेही पाठवावी. उघडून वाजविणाऱ्याला ती लगेच सा देते, मग त्याला स्वर लावता येत असो वा नसो.

तंबोऱ्याचे तसे नाही. त्याचा भोपळा आघात सोसत नाही, खुंट्या उतरतात, आणि जवारी तर दर ऋतूला तपासावी लागते. ज्या वाद्याला मागाहून कोणाच्या तरी कानाची व हाताची गरज आहे ते टपालाला पेलत नाही. ज्याचा आवाज आधीच पक्का करून कुलुपबंद करता येतो ते मात्र टपालाने वाटेल तेथे जाते. पेटी घरोघर पोचली ह्याची कारणे अनेक सांगतात. ती शिकण्यास सोपी, ती गळ्याला साथ देते, नाटकांनी तिला प्रतिष्ठा दिली. ही सर्व खरी आहेत. पण ती पुडक्यात मावत होती व पुडक्यातून निघाल्यावर सुरात राहत होती, ह्या साध्या कारणाकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. तिच्या ह्याच कुलुपबंद स्वरांवर विद्वानांचा रोष झाला. श्रुती दाखवीत नाही, मींड निघत नाही, म्हणून आकाशवाणीने १९४० च्या मार्चपासून तिला आपल्या केंद्रांवर बंदी केली, आणि ती १९७१ सालापर्यंत शिथिल झाली नाही. ज्या घरात रेडिओवर ही बंदी पाळली जात होती त्याच घरात रेडिओशेजारी बहुधा पेटी ठेविलेली असे.

पुढे १९७९ च्या सुमारास बंगळूर येथे विजेवर चालणारा तंबोरा तयार झाला. त्याचा आवाज लाकडाच्या तंबोऱ्यासारखा आहे की नाही ह्यावर गवयांत आजही एकमत होणार नाही, पण तो पुडक्यात मावतो. जपानी कारखान्यांचे विजेचे पियानोही त्याच जातीचे. आंतरजालावर वाद्यांचा जो मोठा बाजार भरला त्यात ह्या कुलुपबंद आवाजाच्या वाद्यांचा भरणा मोठा असावा, ह्यात नवल नाही.

अमेरिकेत मात्र सूचिपत्राच्या लाटेनंतर शहरांतील दुकानांचा एक वैभवाचा काळ येऊन गेला. सॅम अॅश नावाचा एक व्हायोलिनवादक न्यू यॉर्कच्या ब्रुकलिन भागात राहत असे. १९२४ साली त्याने वाद्यांचे दुकान घेतले. पहिल्या हप्त्याचे पैसे नव्हते म्हणून त्याच्या पत्नीने, रोझने, आपली अंगठी गहाण टाकली. १९३५ साली मॅनी गोल्डरिच ह्याने शहराच्या मध्यभागी ४८ व्या रस्त्यावर दुसरे दुकान काढले. नाटकगृहे व नाचघरे जवळच असल्यामुळे तो रस्ता हळूहळू वाद्यवाल्यांचा रस्ता झाला. एका दुकानात गिटार, त्याच्या शेजारी शिंगे व क्लॅरिनेट, समोर ढोल. मॅनीच्या दुकानाची भिंत गिऱ्हाइकांच्या सहीच्या छायाचित्रांनी भरून गेली होती. जिमी हेंड्रिक्सने तेथून गिटारीवर गिटारी नेल्या. तारांचा एक जोड घेण्याच्या निमित्ताने आलेला वादक तेथे तासभर रेंगाळे, आणि आज रात्री कोणाकडे वाजविणारा कमी आहे हे त्याला तेथेच कळे. कोणत्याही सूचिपत्रात हा माल छापलेला नव्हता.

मग ही दुकाने का पडली? 'आंतरजाल आले म्हणून' हे उत्तर अपुरे आहे. त्यामागे न्यायालयाचा एक जुना निकाल होता. अमेरिकेत विक्रीकर प्रांताप्रांतांचा निराळा. दूरच्या प्रांतातून टपालाने माल धाडणाऱ्या पेढीने गिऱ्हाइकाच्या प्रांताचा कर वसूल करावा काय, असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे १९६७ साली आला, आणि १९९२ साली पुन्हा आला. दोन्ही वेळा न्यायालयाने सांगितले, की ज्या प्रांतात पेढीचे दुकान, वखार किंवा माणूस नाही, तेथील कर वसूल करण्याची तिच्यावर सक्ती नाही. दुसरा खटला कचेरीचे कागद-पेन्सिली विकणाऱ्या पेढीचा होता. वाद्यांशी त्याचा काही संबंध नव्हता. पण त्यानंतर काही वर्षांतच आंतरजालावरील दुकाने उघडली आणि ह्या सवलतीच्या छत्राखाली आयती येऊन बसली. न्यू यॉर्क शहरातील करमान अलीकडे पावणेनऊ टक्क्यांहून किंचित अधिक आहे. दोन हजार डॉलरांची गिटार ४८ व्या रस्त्यावर घेतली तर सुमारे पावणेदोनशे डॉलर कर भरावा लागे. तीच दूरच्या प्रांतातून मागविली तर काही नाही. कायद्याने तो कर गिऱ्हाइकाने आपण होऊन भरावयाचा असे, पण भरणारे विरळाच. कसलेला दुकानदारही पावणेनऊ टक्के आपल्या नफ्यातून सोडू शकत नाही.

हा निकाल अखेर २१ जून २०१८ रोजी, मेजखुर्च्या विकणाऱ्या एका पेढीच्या खटल्यात, न्यायालयाने फिरविला. पण तोपर्यंत पुष्कळ पाणी वाहून गेले होते. हॉलीवूडमध्ये १९५९ साली ऑर्गनचे दुकान म्हणून निघालेली व नंतर गिटार सेंटर नावाने देशभर पसरलेली पेढी १९९९ मध्ये टपालाने वाद्ये विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीला गिळून बसली होती. तरी १९२४ च्या अंगठीच्या काळात कोणाला स्वप्नातही आले नसते इतके कर्ज डोक्यावर घेऊन ती २०२० च्या नोव्हेंबरात दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली, व थोड्याच दिवसांत सावरून बाहेर आली. मॅनीचे दुकान १९९९ मध्ये सॅम अॅशच्या वंशजांनी घेतले होते. ते २००९ साली बंद झाले. आणि २०२४ च्या मे महिन्यात, स्थापनेला बरोबर शंभर वर्षे होत असता, सॅम अॅशच्या घराण्याने आपली सर्व दुकाने बंद करीत असल्याचे जाहीर केले. नाव तेवढे एका मेक्सिकन कंपनीने विकत घेतले, आंतरजालावर चालविण्यासाठी.

दुकानदाराच्या मनाला सर्वांत झोंबणारी गोष्ट कराची नव्हे. गिऱ्हाइकाने दुकानात यावे, तीन गिटारी तासभर वाजवून पाहाव्यात, कोणती चांगली हे दुकानातील जाणत्या नोकराकडून समजून घ्यावे, आणि नमस्कार करून घरी जाऊन तीच दूरच्या पेढीकडून मागवावी! ज्ञान पेठेतून फुकट न्यावे व पैसा दुसरीकडे द्यावा, ह्या व्यवहारास सभ्यपणाचे नाव देणे कठीण आहे. आणि असे करणाऱ्यांत सुशिक्षित घरचीच मंडळी अधिक असतात.

दूरचा व्यापारी नेहमी स्वस्तच देतो, हाही समज मात्र तपासून घ्यावा. ब्रिटनमधील स्पर्धा-नियामक मंडळाने २०१९ च्या ऑगस्टमध्ये कॅसिओ कंपनीला ३७ लक्ष पौंड व २०२० च्या जानेवारीत फेंडर ह्या गिटारवाल्या कंपनीला ४५ लक्ष पौंड दंड केला. २०१३ ते २०१८ पर्यंत ह्या कंपन्यांनी आंतरजालावरील दुकानांना ठराविक किमतीखाली माल विकण्यास मज्जाव केला होता. कोणी किंमत उतरविली की यंत्राच्या साहाय्याने ते तत्काळ ध्यानात येई. २०२१ साली जर्मनीतही तीन वाद्यनिर्माते व दोन मोठे विक्रेते ह्यांना मिळून सुमारे २ कोटी १० लक्ष युरो दंड झाला. फिरत्या हस्तकाची, गोठा पाहून ठरणारी किंमत गेली ती गेलीच. पण एकच किंमत छापण्याची जी पद्धत सूचिपत्राने गिऱ्हाइकाच्या हितासाठी आणली होती, तिचाच उपयोग किंमत वर धरून ठेवण्यासाठी होऊ शकतो, हे ह्या खटल्यांतून उघड झाले.

आणखी एक नवल असे, की दूरच्या दुकानांपैकी जी खरोखर मोठी झाली ती जुन्या दुकानाचीच नक्कल करू लागली. इंडियाना प्रांतातील स्वीटवॉटर ही पेढी १९७९ साली एका मोटारगाडीत ध्वनिमुद्रणाची यंत्रे घालून सुरू झाली. ती प्रत्येक चांगल्या गिटारीचे निराळे छायाचित्र काढते, तिचे वजन लिहिते, धाडण्यापूर्वी तारा व दांडी तपासते; गिऱ्हाइकाला फोनवर बोलण्यास ठराविक मनुष्य देते, आणि खोक्यात मिठाईची लहानशी पुडीही घालते. बव्हेरियातील ट्रेपेनडोर्फ ह्या खेड्यात १९५४ साली हान्स टोमान ह्याने काढलेले दुकान आज युरोपभर वाद्ये धाडते. पण त्या खेड्यातील दुकान व दुरुस्तीचा कारखाना त्याने मोडलेला नाही, आणि तीस दिवसांत पसंत न पडल्यास पैसे परत देण्याचे त्याचे वचन वॉर्डच्या १८७५ च्या वचनाचा नातूच म्हणावे लागेल. वगळलेली कामे एकेक करून परत आणावी लागली ती अशी.

मुंबईत हाच प्रवास उलट दिशेने झालेला दिसतो. धोबीतलावाच्या बाजूला गोव्याहून आलेल्या वादकांची वस्ती असे. गोव्यातील चर्चच्या शाळांत नोटेशन वाचावयास शिकलेली ही मंडळी बँडांत व पुढे चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवीत. त्यांना लागणारी स्वरलिपीची पुस्तके व वाद्ये पुरविणारे फुर्तादो ह्यांचे दुकान १८६५ पासूनचे. आज ते दुकानही चालते आणि आंतरजालावरही विकते. दादर भागात १९२५ पासून पेट्या बनविणारी हरिभाऊ विश्वनाथ ही पेढी आपल्या पेट्या सातासमुद्रांपलीकडील मराठी घरांत पाठविते. पेटीचे ते पूर्वीपासूनच भाग्य.

राहता राहिला तंबोरा. मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब शिकलगार ह्यांनी सतारी व तंबोरे बनविण्यास आरंभ केला. शिकलगार म्हणजे तलवारींना पाणी व धार देणारे. संस्थानी फौजा गेल्या, तलवारी म्यानांत गंजू लागल्या, आणि हे कसबी हात लाकडाकडे व भोपळ्याकडे वळले. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडील, त्यांची जाड सालीची जात मुद्दाम ह्याच कामासाठी लावतात. पुढे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेस येऊन राहिले. १९३७ मध्ये त्यांचे देहावसान झाले, तोपर्यंत गवयांची ये-जा तेथे अखंड होती. खाँसाहेब स्वतः वाद्यांच्या दुरुस्तीत व जवारी लावण्यात निष्णात होते. कारागीर आणि गवई एकाच गल्लीत असल्यामुळे घडविलेला स्वर तेथल्या तेथे पारखला जाई. २०२४ साली मिरजेची सतार व मिरजेचा तंबोरा ह्यांना सरकारकडून भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे अन्यत्र बनविलेल्या वाद्यावर मिरजेचे नाव घालून ते विकणे आता कायद्याने गुन्ह्यात जमा आहे. चित्र पाहून माल घेण्याच्या ह्या दिवसांत त्या नावाला मोल आले आहे.

मिरजेचे तंबोरे आता परगावी व परदेशीही जातात. मागणी दुरून आली, तरी कारागिराला चित्र कोणते आवडले हे कळून भागत नाही. गळा बाईचा की पुरुषाचा, पट्टी काळी एक की काळी चार, हे त्याला आधी कळावे लागते, कारण दांडीची लांबी, भोपळ्याचा घेर व तारांची जाडी त्यावरून ठरते. तो जवारी काढतो, भोपळ्याभोवती गवत व कापड दाबून खोका ठोकतो. चार-आठ दिवसांनी दुसऱ्या हवेतल्या गावी खोका उघडला जातो तेव्हा खुंट्या उतरलेल्या असतात, घोडी थोडी हललेली असते, आणि तारेखाली दोरा कोठे सरकवावा हे जाणणारा कोणी तरी त्या गावात शोधावा लागतो.